बुडालेल्या जहाजाच्या अंतरंगांत

जहाज बुडालें म्हणजे त्याचा इतिहास संपला, अशी सामान्य समजूत असते. वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या येतात, मृतांची यादी प्रसिद्ध होते, चौकशी होते, आणि मग त्या ठिकाणीं लाटा पूर्ववत् खेळूं लागतात. परंतु लाटांच्या खालीं तें जहाज असतेंच. त्याचे जिने, त्याच्या खोल्या, त्याचीं कोठारें, आणि कित्येकदां त्यांतील माणसेंही तेथेंच असतात. अशा जहाजाजवळ जाऊन त्याला बाहेरून पाहणें ही एक गोष्ट, आणि त्याच्या दारांतून आंत शिरणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. पहिलीला धीर पुरतो. दुसरीला विद्या लागते. ती विद्या कशी निर्माण झाली, आणि ती नसल्यास काय घडतें, हें समजून घेण्याजोगें आहे.

दोहोंतील फरक मुळांत एकच आहे. बाहेर पोहणाऱ्या पाणबुड्याच्या डोक्यावर केवळ पाणी असतें. कांहीं बिघाड झाला तर त्याची वाट सरळ वर असते. आंत शिरलेल्याच्या डोक्यावर पोलादाचें छत असतें. त्याला वर यावयाचें असेल, तर आधीं ज्या वाटेनें आंत गेला त्या वाटेनें बाहेर आलें पाहिजे. ती वाट सांपडली पाहिजे, ती मोकळी असली पाहिजे, आणि ती संपेपर्यंत हवा पुरली पाहिजे. या तीन अटींपैकीं एकही चुकली, तर वरच्या अथांग हवेचा त्याला कांहींच उपयोग नाहीं.

जहाजांत शिरण्याची पहिली प्रेरणा बहुधा द्रव्याची होती. इ. स. १९१७ च्या जानेवारीच्या २५ तारखेस ‘लॉरेंटिक’ नांवाचें ब्रिटिश जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यास लॉक स्विली या खाडीच्या तोंडाशीं जर्मन सुरुंगांवर आदळून बुडालें. ३५४ माणसें प्राणास मुकलीं. जहाजावर सोन्याच्या ३,२११ लगडी होत्या, आणि त्यांची त्या काळची किंमत सुमारें पन्नास लक्ष पौंड होती. युद्धकालीं एवढें सोनें समुद्रास अर्पण करणें इंग्रज सरकारास परवडणारें नव्हतें. आरमारानें तें काढण्याचें काम कमांडर डॅमंट यांजकडे सोंपविलें.

पाणी सुमारें ४० मीटर खोल होतें. पाणबुड्यांचा वेष जुन्या पद्धतीचा, म्हणजे तांब्याचें शिरस्त्राण, शिशाचे बूट, आणि वरच्या नावेंतून हवा आणणारी लांब नळी. मिलर नांवाचा पाणबुड्या जहाजाच्या कुशींतील एका दारांतून आंत शिरला, अंधाऱ्या मार्गांतून सोन्याच्या कोठडीपर्यंत गेला, दार फोडलें आणि सोन्याची पेटी बाहेर काढली. थोड्याच दिवसांत अशा चार पेट्या हातीं आल्या. काम कांहीं आठवड्यांचेंच आहे असें वाटूं लागलें, तोंच वादळ झालें. वादळ शमल्यावर पाणबुडे खालीं उतरले, तेव्हां जहाज ओळखूं येईना. लाटांच्या माऱ्यानें तें चेपलें होतें. शिरण्याचें दार पूर्वीपेक्षां कितीतरी खोल गेलें होतें, आणि ज्या मार्गांतून मिलर चालत गेला तेथें आतां सरपटतही जातां येईना. सुरुंग लावून वाट मोकळी करीत कोठडीपर्यंत पोंचावें, तर कोठडी रिकामी! खालचा तळ फाटून सोनें जहाजाच्या भग्न पोटांत घसरलें होतें. अखेरीस जहाजाचे थर एकामागून एक वरून काढण्याचा मार्ग पत्करावा लागला. १९२४ पर्यंत ३,१८६ लगडी निघाल्या. पाण्यांत पांच हजारांहून अधिक वेळां उतरावें लागलें, परंतु एकही पाणबुड्या दगावला नाहीं.

या कथेंत शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही, कीं बुडालेलें जहाज स्थिर नसतें. डोंगरांतील गुहा हजारों वर्षें तशीच राहते. जहाज मात्र बुडाल्या दिवसापासून मोडूं लागतें. खारें पाणी पोलाद खातें, लाटा त्यास हलवितात, आणि गेल्या वर्षीं ज्या भिंतीचा आधार घेतला ती यंदा हात लावतांच कोसळते. दुसरी गोष्ट ही, कीं इतक्या वेळां उतरूनही कोणी दगावला नाहीं, याचें श्रेय केवळ नशिबास नाहीं. डॅमंट हे त्याआधीं दहा वर्षें प्रोफेसर हॉल्डेन यांच्या प्रयोगांत सहभागी होते, आणि त्या प्रयोगांतच पाणबुड्यांच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

हें शास्त्र थोडक्यांत असें. समुद्रांत दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. ४० मीटरवर तो पृष्ठभागाच्या पांचपट असतो. तेवढ्या दाबाखालीं प्रत्येक श्वासास पांचपट हवा लागते. म्हणजे वर एक तास पुरणारा सांठा तेथें बारा मिनिटांत संपतो. शिवाय हवेंतील नत्रवायु दाबामुळें रक्तांत व मांसांत विरघळतो. सोडावॉटरच्या बाटलींतील गोळी दाबली म्हणजे आंतील वायु जसा फसफसून वर येतो, तसाच पाणबुड्या एकदम वर आला तर त्याच्या शरीरांतील नत्रवायु बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. सांधे दुखूं लागतात, अवयव लुळे पडतात, आणि प्रसंगीं मृत्युही येतो. हॉल्डेन यांनीं बोकडांवर प्रयोग केले, आणि टप्प्याटप्प्यानें थांबत वर यावें हा नियम १९०८ सालीं प्रसिद्ध केला. तोच नियम सुधारलेल्या स्वरूपांत आजही पाळला जातो.

याच नत्रवायूचा आणखी एक गुण आहे. सुमारें ३० मीटरच्या पुढें तो मेंदूवर मद्याप्रमाणें अंमल करूं लागतो. माणसास उगीच निश्चिंत वाटतें, साधा हिशेब चुकतो, आणि हातांतलें काम सोडून मन भलतीकडे धांवतें. हा अंमल वर आल्यावर लगेच उतरतो. परंतु जहाजाच्या आंत वर येणें एवढें सोपें नसतें. म्हणून अधिक खोलीवर जाणारे लोक नत्रवायूचा कांहीं भाग काढून त्या जागीं हेलियम मिसळलेली हवा वापरतात. ती महाग असते, आणि त्या खर्चाचा मोह कसा प्राणांतिक ठरतो तें पुढें दिसेल.

खोली फारच झाली तर शहाणपण कशांत असतें, याचें उदाहरण मुंबईशीं निगडित आहे. ‘इजिप्त’ हें पी. अँड ओ. कंपनीचें जहाज लंडनहून मुंबईस येण्यास निघालें होतें. १९२२ च्या मे महिन्याच्या २० तारखेस फ्रान्सच्या पश्चिम टोंकाजवळ धुक्यांत ‘सेन’ या फ्रेंच जहाजाची धडक बसून तें सुमारें वीस मिनिटांत बुडालें. त्यावर दहा लक्ष पौंडांहून अधिक किंमतीचें सोनें व रुपें होतें. ‘आर्तील्यो’ या इटालियन जहाजावरील लोकांनीं १९३० सालीं त्याचा ठाव लावला. खोली सुमारें १३० मीटर. तेवढ्या खोलीवर नळीच्या वेषांत माणूस जहाजांत पाठविणें म्हणजे त्यास मरणाकडे पाठविणें होतें. तेव्हां त्यांनीं पोलादाची एक बंद पेटी केली. तींत माणूस साध्या दाबाखालीं बसे, कांचेच्या खिडकींतून पाही, आणि टेलिफोनवरून वरच्या मंडळींस सूचना देई. त्या सूचनांनुसार लोखंडी पंजा खालीं सोडून जहाजाचे थर उपटले जात. १९३२ च्या जून महिन्यांत सोनें वर आलें. जहाजाच्या आंत कोणी शिरलेंच नाहीं, आणि हेंच त्या योजनेचें मर्म होतें. दैवदुर्विलास असा, कीं त्यापूर्वींच १९३० च्या डिसेंबरांत दारूगोळ्यानें भरलेलें दुसरें एक बुडालेलें जहाज उडवितांना स्फोट होऊन ‘आर्तील्यो’ व त्यावरील प्रमुख पाणबुडे नष्ट झाले. उरलेलें काम दुसऱ्या जहाजानें पुरें केलें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत चित्र पालटलें. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां यांनीं पाठीवरील नळकांड्यांतून श्वासाबरोबर हवा देणारें यंत्र सिद्ध केलें. पाणबुड्या नळींतून मुक्त झाला, आणि सरकारें व कंपन्या यांच्याऐवजीं हौशी माणूस समुद्रांत उतरूं लागला. ही मुक्तता मोठी खरी. परंतु तिच्याबरोबर एक आधारही गेला. जुन्या पाणबुड्याची नळी व दोर अंधारांत त्याच्या मागें मागें येत, आणि त्यांचा माग काढीत तो परत फिरूं शके. नव्या पाणबुड्याच्या मागें कांहींच नसतें. तो हरवूं शकतो.

आंतील परिस्थितीची कल्पना यावी म्हणून एखादा जुना पुणेरी वाडा डोळ्यांपुढें आणावा: चौक, सोपे, माजघर, कोठीची खोली, भिंतींत दडलेला अंधारा जिना. आतां हा वाडा एका कुशीवर आडवा पाडला आहे, पाण्यानें भरला आहे, आणि दिवे मालवले आहेत. जमीन भिंत झाली, दारें विहिरींसारखीं पायाखालीं उघडलीं, आणि जिना आडवा झाला. राहत्या माणसालाही त्यांत आपली खोली सांपडणार नाहीं. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ १९५६ च्या जुलैच्या २६ तारखेस बुडालेलें ‘आन्द्रेआ दोरिया’ हें इटालियन उतारू जहाज अशाच रीतीनें उजव्या कुशीवर पडलें. तें सुमारें ७० मीटर खोलीवर असून, त्यांतील चिनी मातीच्या बशा वर आणण्याच्या नादांत कित्येक पाणबुडे प्राणास मुकले आहेत.

अंधारापेक्षांही घातक म्हणजे गाळ. जहाजाच्या प्रत्येक तळावर पिठासारख्या बारीक मातीचा व गंजाचा थर सांचलेला असतो. पायाचा एक चुकीचा फटकारा बसला, कीं तो ढगासारखा उठतो, आणि कांहीं क्षणांत हातांतला दिवाही दिसेनासा होतो. पाणबुड्यानें पाय मुळींच हलविला नाहीं, तरी त्याच्या श्वासाचे बुडबुडे छतास लागून वरचा गंज पावसासारखा खालीं पडतो. त्यांत लोंबणाऱ्या विजेच्या तारा, मासेमारीचीं अडकलेलीं जाळीं, आणि सुरीसारख्या झालेल्या पत्र्यांच्या कडा यांची भर पडते.

एका घटनेनें हे सर्व धोके एकत्र दाखविले. अमेरिकेंतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारें ७० मीटर खोलीवर, १९९१ सालीं एक अज्ञात जर्मन पाणबुडी सांपडली. ती ‘यू-८६९’ होती हें पुढें १९९७ सालीं निश्चित झालें. तिच्यांत ५६ माणसें गाडलीं गेलीं होतीं. १९९२ च्या ऑक्टोबरांत तिची ओळख पटविण्यासाठीं एक पिता व त्याचा तरुण पुत्र खालीं उतरले. दोघेही अनुभवी होते. हेलियमचा खर्च टाळण्यासाठीं त्यांनीं त्या दिवशीं साधी हवा घेतली होती. पुत्र आंत शिरला; सामान कोसळून तो खालीं अडकला. पित्यानें आंत जाऊन त्यास सोडविलें. परंतु तोंवर वेळ फार गेला होता, गाळ उठला होता, आणि नत्रवायूच्या अंमलाखालीं दिशा चुकली. वाटेसाठीं ठेवलेलीं नळकांडीं त्यांना सर्व सांपडलीं नाहींत. थांबत थांबत वर येण्यास हवा उरली नाहीं, म्हणून ते एकदम वर आले. दोघेही मरण पावले. येथें भित्रेपणा नव्हता, वात्सल्याची उणीव तर नव्हतीच. आणि तरीही एका चुकीनें दुसरीला, दुसरीनें तिसरीला जागा करून दिली.

अशा मृत्यूंचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम पाण्यानें भरलेल्या गुहांच्या बाबतींत झाला. शेक एक्स्ले या अमेरिकन पाणबुड्यानें अनेक अपघातांची चिकित्सा करून १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचा निष्कर्ष असा, कीं बहुतेक मृत्यूंच्या मुळाशीं मोजकींच कारणें असतात: बाहेरपर्यंत अखंड दोरी न लावणें, परतीसाठीं पुरेशी हवा न राखणें, आणि झेपेल त्यापेक्षां खोल जाणें. पुढें यांत आणखी दोहोंची भर पडली: योग्य शिक्षणाचा अभाव आणि दिव्यांची कमतरता. जहाजांत शिरण्याचें आजचें शिक्षण याच पांच कारणांवर उभें आहे. स्वतः एक्स्ले १९९४ सालीं मेक्सिकोंतील एका अतिखोल कुंडांत मरण पावला, यावरून तिसऱ्या कारणाचें बळ ध्यानांत यावें.

शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर विद्यार्थी बाहेरूनच जहाज पाहतो, त्याचा नकाशा काढतो, कोठें दारें आहेत आणि प्रवाह कोणत्या दिशेनें वाहतो हें टिपतो. आंत जाण्याची परवानगी मिळाली तरी ती दारांतून येणारा उजेड दिसेल तेवढ्याच भागापुरती असते. आणि खोली व आंतलें अंतर मिळून ४० मीटरहून अधिक होतां कामा नये, असा दंडक आहे. जहाज २५ मीटर खोल असेल, तर आंत १५ मीटरच जावें. त्यापुढील भागासाठीं निराळें, दीर्घ आणि कष्टाचें शिक्षण घ्यावें लागतें.

त्यांतील मुख्य विषय दोरी हा होय. रिळावर गुंडाळलेली बारीक दोरी प्रथम जहाजाच्या बाहेर मोकळ्या पाण्यांत बांधावयाची, दुसरी गांठ दारापाशीं द्यावयाची, आणि मग तिला ठिकठिकाणीं अडकवीत आंत जावयाचें. ती तीक्ष्ण कडेवर घासतां कामा नये, आणि जेथें माणूस मावणार नाहीं अशा फटींत सरकतां कामा नये. गाळ उठला कीं अंगठा व बोट यांची कडी करून दोरी तींत धरावयाची, आणि डोळ्यांचा उपयोग संपला असें समजून हातानें बाहेर यावयाचें. याचा अभ्यास आधीं जमिनीवर होतो. झाडांच्या दरम्यान दोरी बांधून, विद्यार्थ्यांचे डोळे झांकून, त्यांना तिच्या आधारें चालविलें जातें. बोलण्यास मनाई असते, आणि स्पर्शाच्या खुणांनींच एकमेकांस समजवावें लागतें. मग तोच पाठ तलावांत, आणि शेवटीं जहाजाच्या बाहेरच्या अंगास. प्रौढ माणसें डोळे झांकून बागेंत चांचपडतांना पाहून बघ्यांस हंसूं येतें. परंतु अंधारांत हात जें शिकलेला असतो तेंच तो करतो.

दुसरा विषय हवेच्या हिशेबाचा. नियम तृतीयांशाचा आहे. नळकांड्यांत १८० एकक दाबाची हवा असेल तर ६० वापरून आंत जावें, ६० मध्यें परतावें, आणि ६० राखून ठेवावी. ही राखीव हवा स्वतःपुरती नसते. सर्वांत आंतल्या टोंकास सोबत्याची हवा अकस्मात् संपली, तर एकाजवळ १२० उरलेली असते, आणि दोघांस परतण्यास प्रत्येकीं ६० प्रमाणें बरोबर १२० लागते. म्हणजे हिशेब जुळतो, पण शिल्लक शून्य! वाटेंत एखादी गांठ अडली किंवा भीतीनें श्वास जलद झाला, तर हा नियमही अपुरा पडतो. म्हणून सुज्ञ पाणबुडे जहाजांत शिरतांना तृतीयांशाच्याही आधींच परत फिरतात.

याखेरीज तीन दिवे, हवेच्या यंत्राची दुसरी जोडी, आणि जाळें वा तार कापण्याचें साधन जवळ बाळगावें लागतें. पोहण्याची रीतही बदलावी लागते. पाय वरखालीं न मारतां बेडकाप्रमाणें बाजूस व मागें ढकलले, तर तळचा गाळ उठत नाहीं. शरीर आडवें व तरंगतें ठेवून, कोठेंही न टेकतां एका जागीं स्थिर राहतां आलें पाहिजे. हें साधण्यास कित्येकांना महिने लागतात.

आतां हा विषय कोंकणच्या दाराशीं येत आहे. तारकर्लीस पाणबुड्यांचें शिक्षण मिळूं लागलें आहे. आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत निवतीजवळच्या समुद्रांत ‘गुलदार’ ही नौदलांतून निवृत्त झालेली नौका बुडवून पाण्याखालचें संग्रहालय उभारण्याची योजना महाराष्ट्र शासनानें हातीं घेतली असून, २०२५ सालीं ती नौका त्यासाठीं सोंपविण्यांत आली. मुद्दाम बुडविलेलीं जहाजें अपघातानें बुडालेल्यांपेक्षां पुष्कळ सुरक्षित असतात. त्यांतील तेल व तारा काढतात, दारें काढून टाकतात, आणि बाहेर पडण्यास मोठीं भोकें पाडतात. तरी तेवढ्यावर विसंबणें योग्य नव्हे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ २००२ सालीं असेंच बुडविलेलें ‘स्पीगल ग्रोव्ह’ नांवाचें जहाज आहे. २००७ च्या मार्चमध्यें त्याच्या खोल भागांत दोरी न लावतां शिरलेले तीन पाणबुडे बाहेर आले नाहींत. जहाज सुरक्षित करतां येतें. त्यांत शिरणाऱ्यास शिक्षणावांचून सुरक्षित करतां येत नाहीं.

आणखी एक मर्यादा शिक्षणांत सांगितली जाते, आणि ती धोक्याची नसून सभ्यतेची आहे. अनेक जहाजें हीं थडगीं आहेत. ब्रिटनमध्यें १९८६ च्या कायद्यानें युद्धांत बुडालेल्या ठराविक जहाजांस संरक्षण दिलें. युनेस्कोनें २००१ सालीं पाण्याखालील सांस्कृतिक ठेव्याविषयीं आंतरराष्ट्रीय करार केला. पाहावें, टिपावें, आणि जेथील वस्तु तेथेंच ठेवावी, ही आजची नीति आहे.

या विद्येंतील सर्वांत कठीण पाठ कोणता असें विचारलें, तर जुने जाणते दोरीचा किंवा हवेचा पाठ सांगत नाहींत. ते एक साधा नियम सांगतात: सोबत्यांपैकीं कोणीही, केव्हांही, कारण न देतां परत फिरण्याची खूण करावी, ती सर्वांनीं तत्काळ पाळावी, आणि वर आल्यावर त्याबद्दल कोणी एका शब्दानेंही बोल लावूं नये. आपल्या मुलांनीं या खेळांत पडावें कीं पडूं नये, असा प्रश्न ज्या घरांत उद्यां निघेल, त्या घरांतील वडीलमंडळींनीं एवढेंच विचारून घ्यावें, कीं शिकविणारा हा नियम पहिल्या दिवशीं शिकवितो कीं नाहीं. तो शिकवीत नसेल, तर मुलास त्याच्या हवालीं करूं नये.